शंभरच्या लेन्सखाली विषाणू दिसत नाही, तातडीने मदत हवी आहे

काटोलचा_पोरगा: चार दिवस झाले, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो आहे. शंभर पटीची लेन्स, वरून तेल, तरी काहीच नाही. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचा आहे. लेन्स खराब की माझं चुकून राहिलं?

धरमपेठकर: कशाचा नमुना, भाऊ? ते तर सांग.

काटोलचा_पोरगा: संत्र्याचं पान. मोठ्या बाबांच्या बागेतली झाडं सुकून राहिली, ट्रिस्टेझा या विषाणूच्या रोगाचा संशय आहे. तो विषाणू २ मायक्रॉन लांब असतो म्हणे. तेवढा जिवाणू दिसते, मग हा काऊन नाही?

जुना_लॅबवाला: आयपीस, म्हणजे डोळ्याकडची लेन्स, २० पटीची लाव, २००० पट होते. आम्ही तेच करायचो.

सूक्ष्मजीव_ताई: नका हो त्याला भलतीकडे पाठवू. पट वाढवले तर धूसर आहे तेच मोठं दिसेल. अडचण लेन्सची नाही, प्रकाशाची आहे. त्याची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत. अॅबे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं हे १८७३ मध्येच मांडलं. ट्रिस्टेझाचा धागा २००० नॅनोमीटर, म्हणजे २ मायक्रॉन, लांब खरा, पण जाडी फक्त ११-१२! १०० किलोव्होल्टवर इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर असते, म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये तो दिसतो.

जुना_लॅबवाला: आम्हाला २००० वर जिवाणू छान दिसायचे.

सूक्ष्मजीव_ताई: जिवाणू दिसतील, दादा. ते १००० वरही दिसतात. इथे प्रश्न विषाणूचा आहे.

काटोलचा_पोरगा: मग पान तसंच इलेक्ट्रॉनवाल्यात ठेवायचं का?

सूक्ष्मजीव_ताई: नाही. आत निर्वात असतं, ओलं पान चालत नाही. शंभरेक नॅनोमीटर जाडीची चकती कापून जड धातूच्या क्षारानं रंगवावी लागते. चित्रही काळंपांढरंच येतं. सोमवारपर्यंत नाही व्हायचं.



मृगबहार: मावा कीड आवरा आधी, ट्रिस्टेझा तिच्यानं पसरते. आणि बुंध्यातून डिंक येते का?

काटोलचा_पोरगा: हो, खाली जमिनीलगत. त्याचा काय संबंध?

मृगबहार: अरे बाप्पा, हे पहिलेच सांगायचं! हा डिंक्या रोग असू शकते, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाचा. माझी ४० झाडं गेली त्याच्यात.

सूक्ष्मजीव_ताई: मग तुझाच मायक्रोस्कोप पुरे. त्याच्या बीजाणुपिशव्या तीस-चाळीस मायक्रॉनच्या असतात. मुळांजवळची ओली माती पाण्यात कालव, वर संत्र्याच्या कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत ठेव. दोन-तीन दिवसांनी तुकड्यांच्या कडा चाळीसच्या लेन्सखाली बघ. ट्रिस्टेझासाठी पानं नागपूरला अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत दाखव.

काटोलचा_पोरगा: नळाचं पाणी चालेल?

सूक्ष्मजीव_ताई: क्लोरीनचं नको. विहिरीचं उकळून, गार करून घे.

काटोलचा_पोरगा: दुपारच्या बसनं निघतो.