नकला लंडनला, मूळ वह्या इथेच

भुसावळकडच्या चर्चची जुनी रजिस्टरं सगळी लंडनला गेली असं कुणीतरी लिहिलंय, तसं नाहीये, गेल्या त्या नकला. पाद्री बाप्तिस्मा, लग्न, दफन उतरवून मुंबईला पाठवायचे नि तिथून पुढे लंडनला, आता त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींच्या मालिकेत आहेत. पण त्यात मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, म्हणजे आपल्याकडे रेल्वेवालेच जास्त. नंदुरबार-नवापूरकडच्या भिल्ल, मावची या आदिवासी समाजांतल्या ख्रिस्ती घरांची नावं शोधायची तर मिशनच्या चर्चमधली मूळ वहीच लागते, म्हणून एका पाळकसाहेबांनी अशी वही पान न् पान उतरवून ठेवली असं कुणी सांगितलंय, ते फार मोठं काम आहे. फक्त फाटक्या पानांना कुणी लॅमिनेशन करू नका, आमच्या तालुक्यात एका वहीचं केलंय, आता ते प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. आधी मोबाईलवर नीट फोटो काढून घ्या.