जुन्या एसएलकेच्या आतल्या प्लास्टिकवरचा चिकट, सोलणारा थर: काय करावे?

चेंबूरकर:
नमस्कार. माझ्याकडे २००१ सालची मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसर आहे. इंजिन आणि घडी होणारे छत ठणठणीत आहे, पण आत बसले की मन खट्टू होते. गिअरभोवतीचा कन्सोल, दारांची हँडल आणि ग्लव्ह बॉक्सचे झाकण यांवरचा मऊ, मॅट थर जागोजागी सुटला आहे. जिथे नख किंवा अंगठी लागते तिथे खपल्या निघून खालचे कडक काळे प्लास्टिक दिसते, तर इतरत्र तो इतका चिकट झाला आहे की पुसायच्या कापडाचे तंतू त्यावरच राहतात. एका गॅरेजने सगळीकडे रेग्झिन चढवून देतो म्हणून सांगितले. ते मला पटलेले नाही. हा थर पूर्ववत करता येतो का? पावसाळ्यात गाडी सोसायटीच्या तळघरात कव्हर घालून उभी असते.

गिरगावचा रंगारी:
थर पूर्ववत होणार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे क्रीम आणि पॉलिशवर पैसे जाणार नाहीत. १९९६ ते २००४ या पिढीच्या एसएलकेत ही तक्रार सर्रास आढळते. हा मऊ स्पर्शाचा थर पॉलियुरेथेनचा असतो. त्यातील एस्टरचे बंध (रेणूंतले जोड) हवेतल्या बाष्पाने तुटतात आणि तुटताना तयार होणारे आम्ल पुढच्या बंधांच्या तुटण्याला आणखी वेग देते. त्यामुळे एकदा चिकटपणा सुरू झाला की तो थांबत नाही, वाढत जातो. मुंबईच्या पावसाळ्यात, बंद तळघरात, वर कव्हर, म्हणजे या क्रियेला हवे ते सगळे हजर. आजार थराचा आहे, प्लास्टिक सहसा धडधाकट असते. म्हणून थर पूर्ण काढावा.

भाग सोडवून त्यांची मागची बाजू पाहा. तिथे कोनी कंसांत प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो: एबीएस, पीपी किंवा पीसी आणि एबीएसचे मिश्रण. एबीएस असेल तर थिनर आणि ॲसिटोन जवळही आणू नका, कारण ते थराबरोबर प्लास्टिकही विरघळवतात आणि पृष्ठभागावरची बारीक दाणेदार नक्षी कायमची जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजारात ते मिळते. आधी मागच्या बाजूला चाचणी घ्या, मग भिजवलेले कापड थरावर अंथरून वर प्लास्टिकची पिशवी झाका, म्हणजे अल्कोहोल लगेच उडून जाणार नाही. थर मऊ पडला की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, नक्षीच्या दिशेने रेटा. काळ्या रबरासारख्या वळकट्या होऊन तो निघतो. खाचांत उरलेला भाग टूथब्रशने काढावा. धातूची पट्टी वापरू नये. हे काम गॅलरीत, मोकळ्या हवेत करा, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते.

त्यानंतर प्लास्टिक ओरखड्यांविना निघाले तर माझ्या मते तसेच ठेवावे. रंग द्यायचाच असेल तर प्लास्टिक प्रायमरवर टू-के (हार्डनर मिसळून लावायचा, दोन घटकांचा) सॅटिन काळा रंग द्यावा. पुन्हा तोच मऊ थर लावून घेण्याचा आग्रह या शहरात धरू नये.

दादरचा हौशी:
वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. एक गोष्ट मात्र आवर्जून जोडतो. ज्या बटणांतून रात्री उजेड येतो, त्यांवरची चिन्हे बहुधा वरच्या रंगातूनच लेझरने कोरलेली असतात. तो थर काढला की चिन्हही गेले, आणि मग काच वर करण्याचे बटण कोणते हे अंदाजाने शोधावे लागते. त्यामुळे बटणे अल्कोहोलपासून दूर ठेवा. ती फारच खराब झाली असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी. पण तिथेही नखाने हलके खरवडून थर पाहावा, कारण तो भागही त्याच वयाचा असणार.

रेग्झिनला मात्र माझा ठाम विरोध आहे. ज्या पॅनेलमागे एअरबॅग आहे, त्याचे झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावे लागते. वर रेग्झिन आणि गोंद आला की ते तसे फाटेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. त्या झाकणाला जाड रंगही देऊ नये. एअरबॅगच्या वायरची पिवळी जोडणी दिसली तर बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय हात लावू नका.

चेंबूरकर:
दोघांचेही मनापासून आभार. दारांच्या हँडलवर खोल ओरखडे आहेत, त्यामुळे तेवढ्यांना रंग द्यावाच लागेल. तो आत्ता जुलैमध्ये दिला तर चालेल का?

गिरगावचा रंगारी:
थर आत्ता काढून ठेवा, रंग दिवाळीनंतर द्या. दमट हवेत द्रावक झटपट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प बसते आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. टू-के रंगाच्या हार्डनरलाही ओलावा चालत नाही, आणि त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असल्याने तो योग्य मास्कशिवाय घरी मारू नये. हँडल सुटी करून एखाद्या रंगशाळेत द्या. त्यांवर पूर्वी डॅशबोर्ड पॉलिश लावले असेल तर तेही तिथे सांगा. पॉलिशमधले सिलिकॉन उरले की नव्या रंगात गोल खड्डे पडतात. आणि तळघरात गाडीवरचे कव्हर काढून ठेवा.