मँडरिन मासा घरच्या मरीन टँकमध्ये जगतो का?

खारंपाणी_पुणे: नमस्कार मंडळी, माझा १२० लिटरचा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे, चार महिने झाले चालू करून. काल दुकानात मँडरिन बघितला, जेमतेम बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी वळणदार रेघा, मी तर तिथेच उभा राहिलो बघत. दुकानदार म्हणाला काहीही खातो, पण माझ्यासमोर पेलेट टाकले तर त्याने ढुंकूनही बघितलं नाही, नुसता दगडाजवळ घुटमळत होता. घ्यावा का? आणि मुळात हा राहतो कुठे, खातो काय?

लाइव्हरॉक७२: दादा, एवढ्यात नका घेऊ. हा दिवसभर दगडावरचे कोपेपॉड आणि तसले बारीक जीव एकेक करून टिपत असतो, तुम्ही बघितलं ते घुटमळणं म्हणजे त्याचं जेवण शोधणंच होतं. मी पण असाच नव्या टँकमध्ये आणला होता, पहिले दोन आठवडे मस्त फिरत होता, मग लाइव्ह रॉकवरचे, म्हणजे जिवंत जीव असलेल्या दगडांवरचे, पॉड्स (हेच कोपेपॉड) संपले आणि पोट आत जायला लागलं, फ्रोझन ब्राइन श्रिम्प (गोठवलेले बारीक कोळंबीसारखे जीव) दिले, ड्रॉपरने तोंडापाशी नेऊन दिले, नाही खाल्ले. महिना-दीड महिन्यात गेला. आजार काही नव्हता हो, उपाशी गेला, अजून वाईट वाटतं मला. टँक निदान वर्षभर मुरलेला हवा, तुमच्या टँकच्या दुप्पट-तिप्पट मोठा, आणि पॉड्स वाढायला रिफ्युजियम, म्हणजे मासे पोचणार नाहीत असा वेगळा कप्पा, हवं. टँकमध्येच पैदास झालेले मँडरिन आता काही देशांत मिळतात, ते फ्रोझन खायला शिकलेले असतात, पण समुद्रातून पकडलेला बहुतेक वेळा शिकत नाही.

प्रवाळवेडी: रंगाबद्दल सांगते कारण ते फार भारी आहे. मोराचं पीस किंवा खंड्याची पाठ निळी दिसते ती रंगद्रव्यामुळे नाही, पिसांच्या रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून. मँडरिनचा निळा मात्र खरा रंग आहे, त्याच्या त्वचेत निळं रंगद्रव्य भरलेल्या पेशी असतात, १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी त्या दाखवल्या, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं फारच थोड्यांत सापडलंय. अंगाला खवले नाहीत, त्याऐवजी जाड, कडवट, वास मारणारा चिकट थर, त्यात विषारी स्रावही असतो. म्हणजे एवढे भडक रंग मोठ्या माशांना इशाराच असणार असं मला वाटतं. दुकानात याला मँडरिन गोबी म्हणतात पण हा गोबी नाहीच, ड्रॅगनेट नावाच्या वेगळ्याच माशांच्या कुळातला आहे. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतो, आपल्या किनाऱ्यावर नाही.

सांजडुबकी: मी इंडोनेशियात बांदा नेइराला बघितलाय, तीच जायफळाची बेटं. आणि गंमत म्हणजे भारी रीफवर नाही, धक्क्याखालीच, दोन-चार मीटर खोल, तुटक्या प्रवाळाचा ढीग आणि गाळ. दिवसा फटींत लपलेला असतो. सूर्य मावळायला लागला की नर बाहेर येतो, पाठीवरचा लांब काटेरी पंख ताठ करून माद्यांभोवती फिरतो, मग एखादी मादी त्याच्या पंखाला टेकते आणि दोघं पोटाला पोट लावून हळूहळू मीटरभर वर तरंगत येतात, वर पोचले की एका क्षणात अंडी सोडून दोघं खाली पसार. मी श्वास रोखून बघत होते, जे डायव्हिंगमध्ये अजिबात करायचं नसतं. अंडी दोनशेपर्यंत असतात, ती प्रवाहाबरोबर वाहून जातात, आईबाप काही राखण करत नाहीत, आणि दिवसभराच्या आत पिल्लं बाहेर येतात. माद्या मोठा नर निवडतात, आणि फिलिपिन्समध्ये पकडणारेही तेच मोठे नर आधी पकडतात कारण त्या लांब पंखाला भाव जास्त.

खारंपाणी_पुणे: मनापासून आभार सगळ्यांचे. नाही घेत. आधी पॉड्सचं कल्चर सुरू करतो, वर्षभराने टँक बघू. ताई, बांदाला जायचं तर कधी?

सांजडुबकी: मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा समुद्र शांत असतो. आंबोनपर्यंत विमान, पुढे बोट. आणि टॉर्च लाल प्रकाशाचा न्या, पांढरा टाकला की जोडी लगेच फटीत शिरते.