इंग्रजीत 'जरा थांबतो, दम घेतो' नेमकं कसं म्हणायचं?

औसा_रोड_वाला:

राम राम मंडळी. मी लातूरचा, घरूनच काम करायलो, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, क्लायंट अमेरिकेतला. संध्याकाळी सहा ते रात्री दोन अशी ड्युटी. टेक्निकल इंग्रजीला मी भीत नाही, वाचून वाचून पाठ झालंय, मेल बी बरे लिहितो, पण हे लोक मधी मधी थांबताना जे काय बोलतेत ते झेपंना. काम करताना काय बोलायचं ते येतंय आणि काम थांबवताना काय बोलायचं तेच येईना, उलटंच झालंय सगळं.

मागच्या शुक्रवारी रात्री दीडला लीड म्हनला, ओके गाईज, लेट्स कॉल इट अ डे. सगळे बाय बाय करून गेले. मला वाटलं कुणीतरी कॉल करणार हाय, मी आपला हेडफोन घालून दोनपर्यंत बसून. आई पाणी प्यायला उठली तर म्हनली कुणाची वाट बघायलास रे एवढ्या रात्री.

त्याच्या आधी एकदा चहाला उठायचं होतं म्हणून चॅटवर टाकलं, 'आय अ‍ॅम टेकिंग रेस्ट'. येऊन बघतो तर तीन मेसेज, तब्येत बरी हाय का, काळजी घे, आणि एकजण तर माझं राहिलेलं काम उरकून बसला. निस्ता चहा पिऊन आलो होतो राव.

तर ब्रेक, रेस्ट, पॉज, हँग ऑन, टेक फाइव्ह ह्यातलं कुठलं कवा वापरायचं? 'रोजची पन्नास वाक्यं' टाइप व्हिडिओ बघून झाले, पाठ होतेत आणि ऐन वेळेला एक बी आठवंना. कुणी आपल्या भाषेत सांगितलं तर बरं होईल.

परभणीचा_मास्तर:

बाळा, मी हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झालेला माणूस, आणि ही चूक मी हजार वह्यांत लाल पेनानं खोडलीय, तेव्हा वाईट वाटून घेऊ नको. दोष आपल्या 'आराम' शब्दाचा आहे. चहा पिणं बी आराम, दुपारी आडवं होणं बी आराम आणि टायफॉइड झाल्यावर आठ दिवस पडून राहणं बी आरामच. इंग्रजीत ब्रेक म्हणजे कामात पाडलेली फट, काम तिथंच थांबलेलं असतं आणि तू येऊन पुढं चालू करणार असतोस. रेस्ट म्हणलं की अंग आलं, थकवा आला, आजार आला. चहाला उठलास तर तो ब्रेक. आणि 'टेक रेस्ट' ही तर आपली देशी घडण, आपल्या डॉक्टरांच्या तोंडी सर्रास असती, तिकडचा माणूस 'गेट सम रेस्ट' किंवा 'हॅव अ रेस्ट' म्हणंल.

आता कॉल इट अ डे. इथं कॉल म्हणजे फोन नाही, कॉल म्हणजे म्हणणं. एवढं झालं, ह्यालाच दिवस म्हणू, दिवसभराचं काम धरू. ह्याला आपल्याकडं फार नेमका शब्द आहे, औत सोडणे. आमचे वडील दिवस कलला की आवाज द्यायचे, चला सोडा आता औत. नांगराचं तास अर्धं राहिलं तरी सोडायचे, काम संपलं म्हणून नाही, आजच्यापुरतं बास म्हणून. कॉल इट अ डे मधी नेमकं हेच आहे, म्हणून तुझा लीड बग शिल्लक असताना बी म्हणू शकतो. रात्रीची बैठक मोडताना 'कॉल इट अ नाइट' बी म्हणतात.

टेक फाइव्ह म्हणजे पाच मिनिटं थांबू. टेक टेन बी असतंय. 'टेक अ ब्रीदर' आणि 'कॅच माय ब्रेथ' म्हणजे आपला दम खाणं, जिना चढून आल्यावरचा. पाय वर करून निवांत बसणं ते 'पुट युवर फीट अप'. डुलकीला 'नॅप', आणि जुन्या धाटणीचं बोलायचं तर 'फॉर्टी विंक्स', चाळीस वेळा डोळे मिचकावणं, आता चाळीसच का ते मला विचारू नको.

एका वाक्याला मात्र जप. 'गिव्ह इट अ रेस्ट'. ऐकायला किती मायेचं वाटतंय, आणि अर्थ आहे 'बास कर की आता तुझी बडबड'. आमच्याकडं एकदा गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांचा घसा बसला होता, एक तरुण शिक्षक प्रेमानं म्हणले, सर प्लीज गिव्ह इट अ रेस्ट. पाहुणे गप झाले ते झालेच, जेवायला बी थांबले नाहीत. 'गिव्ह युवर व्हॉइस अ रेस्ट' म्हणले असते तर काही झालं नसतं.

कापूसकोंड्या:

मास्तर लई भारी. माझा किस्सा ऐका, पहिल्या इंटरव्ह्यूला जालन्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समधी उभं आडवं होत पुण्याला गेलो, नंबर यायला दीड तास होता, समोर पाटी दिसली रेस्टरूम. म्हनलं वा काय कंपनी हाय, पोरांच्या झोपायची बी सोय. बॅग उशाला घ्यायच्या तयारीत आत गेलो तर सगळे भिंतीकडं तोंड करून उभे. अमेरिकेत संडासाला रेस्टरूम म्हणतेत हे मला त्या दिवशी कळलं.

आणि आता कुणी आरआयपीचा ज्योक टाकू नका, लई झालाय.

गोदाकाठची_नांदेड:

मास्तरांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण दादा तुझा निम्मा लोचा फोनवरचा आहे असं मला वाटतंय, मी सहा वर्षं पुण्यात कॉल सेंटरला होते म्हणून सांगते. निस्तं 'वेट' कधीच म्हणू नको, मराठीत 'थांब' चालतंय कारण आपण त्याला 'की जरा' लावतो, 'थांब की जरा' म्हणलं की राग येत नाही, इंग्रजीत एकटं वेट म्हणजे वर्गात मॉनिटरनं डाफरल्यासारखं लागतं. ओळखीतल्याला 'हँग ऑन' किंवा 'होल्ड ऑन' म्हण, 'गिव्ह मी अ सेक' म्हण. कस्टमर असंल तर 'बेअर विथ मी', म्हणजे जरा सांभाळून घ्या मला, मी बघतेय. ह्यात बे स्पष्ट म्हणायचा बरं का, मी पहिले दोन आठवडे प्रत्येक गोऱ्या माणसाला 'बिअर विथ मी' म्हणत होते आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी हो म्हणून सांगितलं, कधी येऊ विचारलं 🙈

होल्डवर टाकायचं असंल तर आधी विचारायचं, 'मे आय पुट यू ऑन अ ब्रीफ होल्ड', आणि समोरचा हो म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही. आम्हाला ह्यावरच मार्क असायचे.

पण तुला खरं जे लागतंय ते वेगळंच आहे. तू म्हणतोस त्यांचं बोलणं झेपत नाही, मग तू तेव्हा काय करतोस, येस येस करत बसतोस ना? मी पण तेच करायचे. त्या जागी म्हणायचं, 'कॅन वी पॉज हिअर फॉर अ सेकंड, आय वॉन्ट टू मेक शुअर आय गॉट धिस राइट'. एवढं एक वाक्य पाठ कर, बाकीचे एकोणपन्नास सोडून दे. पॉज म्हणजे रेकॉर्ड थांबवल्यासारखं, तिथंच थांबून तिथूनच पुढं, कुणाला वाईट वाटत नाही.

आणि बायो ब्रेक कुणी म्हणलं तर ते एक नंबरला चाललेत, प्रश्न विचारू नको 😄

औसा_रोड_वाला:

ताई येस येस चं तुम्ही बरोबर पकडलं 😅 मास्तर, औत सोडणे तर डोक्यात फिट बसलं. अजून एक, परवा एकाला डेमोला बोलावलं तर म्हनला 'कॅन आय टेक अ रेन चेक'. मी खिडकीतनं आभाळाकडं बघितलं.

मूळ_उदगीर_सध्या_मेलबर्न:

हाहा भौ, ते बेसबॉलवरून आलंय. अमेरिकेत पावसानं मॅच बुडाली की तिकिटाच्या तुकड्यावर पुन्हा कधीतरी येऊन बघता यायचं, तो तुकडा म्हणजे रेन चेक. म्हणजे नाही म्हणत नाहीये, आत्ता नको, पुढं कधीतरी नक्की. आता आपल्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, आपल्याला पावसानं मॅच बुडणं कुठून सुचायचं, आपण 'उधार राहिलं' म्हणतो, तेच ते.

मी इकडं चार वर्षं झालं, पहिल्या साइटवर फोरमन ओरडला 'स्मोको', मी म्हनलं मी सिगरेट ओढत नाही आणि काम करत राहिलो, सगळे चहा बिस्किटं खाऊन आले. इकडं चहाच्या सुट्टीलाच स्मोको म्हणतेत, ओढा नाहीतर नका ओढू. इंग्लंडात अकराच्या सुमाराच्या चहाला 'इलेव्हन्सेस', आपली न्याहारी उतरल्यावरचा चहा म्हणा. आणि काम सुटायच्या वेळेला इकडं 'नॉक ऑफ' म्हणतेत.

एक सावध करतो. मीटिंगमधी 'लेट्स टेबल धिस' कुणी म्हनलं तर आधी बघ कुठला माणूस हाय. ब्रिटिश असंल तर त्याचा अर्थ विषय आत्ता चर्चेला घेऊ, आणि अमेरिकन असंल तर आत्ता बाजूला ठेवू. एकाच वाक्याचे दोन उलटे अर्थ, कामून असं केलं त्यांनी देव जाणे. तुझा क्लायंट अमेरिकन, म्हणजे गुंडाळून ठेवला समज. 'पार्क धिस' मात्र सगळीकडं बाजूला लावणंच.

कोयता_ते_कीबोर्ड:

सगळं वाचलं, मजा आली, पण मला जरा वेगळं सांगायचंय. मी बीड जिल्ह्यातला, आईबाप ऊसतोडीला जायचे. आमच्या घरात सुट्टी हा शब्दच नव्हता, खाडा होता. ताप आला तरी खाडा, पोरगं आजारी पडलं तरी खाडा, आणि खाडा म्हनलं की पैसे कापले. थांबणं म्हणजे नुकसान हे डोक्यात इतकं बसलेलं की मला नोकरी लागली तेव्हा वर्षभर मी चहाला जाताना लिहायचो, 'सॉरी, कॅन आय प्लीज गो फॉर टी'. इंग्रजी बरोबर होतं त्यातलं, व्याकरण एक नंबर. एक दिवस मॅनेजर मॅडम म्हनल्या, तू परवानगी का मागतोस, सांगून जा फक्त. 'बॅक इन टेन'. तीन शब्द. माझी हिंमत व्हायला आणखी दोन महिने गेले.

म्हणून दादा, कवा येणार ते मिनिटात सांग, बास, म्हणी नाही वापरल्या तरी चालतंय, आणि तुझ्या मेसेजमधी खरी अडचण तिथंच होती, तू किती वेळ जायलास ते लिहिलंच नव्हतंस. 'ग्रॅबिंग टी, बॅक इन टेन' लिहिलं असतंस तर कुणी तुझं काम केलं नसतं.

आणि ही काही मेहेरबानी नसती. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ५५ ला नावच 'इंटरव्हल्स फॉर रेस्ट' होतं, पाच तासाच्या वर सलग काम नाही, त्याआधी निदान अर्धा तास सुट्टी असं त्यात होतं. रविवारची सुट्टी बी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी भांडून १० जून १८९० ला मिळवलेली. फडात कुठलं कलम आणि कुठला रविवार हा भाग वेगळा.

जाता जाता, सुट्टीला 'डे ऑफ' म्हणा. 'ऑफ डे' म्हणजे आज काही जमंना, दिवसच बेकार गेला. मी पोळ्याची सुट्टी मागताना 'आय हॅव अ‍ॅन ऑफ डे टुमारो' लिहिलं होतं, मॅडमनी विचारलं तुला आजच कसं कळलं.

परभणीचा_मास्तर:

कोयता, हे तुझं वाचून थोडा वेळ गप बसलो बाबा. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला बी जुंपत नाही, आदल्या दिवशी खांदे मळून 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणतो. माणसाला कोण म्हणतंय तसं.

औसावाले, त्याचंच खरं आहे, मिनिटं सांग. माझ्या म्हणी ऐकून समजण्यापुरत्या ठेव, बोलायला नंतर आपोआप येतील. आणि इंग्रजी 'टेक' म्हणजे घे हे ठीक, पण 'टेक अ ब्रेक' ऐकलं की मला आपलं 'बूड टेक जरा' च ऐकू येतंय, तू बी तसंच लक्षात ठेवलंस तर विसरणार नाहीस.

औसा_रोड_वाला:

अपडेट. काल कॉलवर लीड फुल स्पीडमधी चालला होता, मी डोळे मिटून म्हनलो, 'कॅन वी पॉज हिअर फॉर अ सेकंड'. थांबला राव! परत सगळं सावकाश सांगितलं, आणि निघालं असं की अजून दोघांना बी समजलं नव्हतं, ते बी निस्तं येस येस करायले होते.

मधी 'बॅक इन टेन' टाकून चहाला गेलो, एक अंगठा आला फक्त, तब्येत कुणी विचारली नाही. दोनला कुणीच उठंना म्हणून शेवटी मीच म्हनलो, 'शाल वी कॉल इट अ डे'. आईला सांगितलं औत सोडलं आता. ती म्हनली औत सोडलं तर मग हातातला मोबाईल कामून जुंपलाय अजून, ठेव तो.