तीन महिने चालतोय, वजन जैसे थे! हार्टला तरी फायदा होतोय का?

बैठा_कारभार: वय ४६, दिवसभर खुर्चीत बसून काम. बीपी बॉर्डरवर आलंय असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून रोज ३५-४० मिनिटं चालतोय, आठवड्यातले पाच दिवस तरी नक्की. तीन महिने झाले पण वजनकाटा ढिम्म हलत नाहीये, बायको म्हणते नुसते बूट झिजवतोयस. बदललंय ते एकच, सकाळी उठल्या उठल्या नाडी ८०-८२ असायची ती आता ७२ च्या आसपास येते. हे चांगलं की काळजीचं? आणि वजन उतरत नसेल तर हार्टला याचा काही उपयोग असतो का, की पळायलाच लागतं?

धापाधापी: अहो तुमच्या प्रश्नाचं उत्तर ती नाडीच देतेय की! हृदय म्हणजे शेवटी स्नायूच, नियमित कार्डिओ केला की एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त पंप करायला लागतं, मग तेवढ्याच कामाला ठोके कमी पुरतात. मिनिटाला १० कमी म्हणजे ८ तासांच्या झोपेतच ४८०० ठोके वाचले. लांब पळणाऱ्यांची नाडी ४०-५० सुद्धा असते, त्यात काही बिघाड नसतो. हां, नाडी कमी आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल तर मात्र दाखवून घ्या.

जुनी_वही: वजनावरून आठवलं. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांचा लंडनच्या डबल डेकर बसवाल्यांवरचा अभ्यास आला होता. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणार, बाकी माणसं साधारण सारख्याच परिस्थितीतली. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. आता कोणीही म्हणेल की कंडक्टर मुळातच सडपातळ असतील, त्यात काय. तर या लोकांनी युनिफॉर्मच्या पँटींची कंबरेची मापं काढून तेही तपासलं 😄 कंबर ड्रायव्हरांचीच मोठी निघाली हे खरं, पण पोट सुटलेल्या कंडक्टरांनाही चढउताराचा फायदा मिळालेला दिसला. तेव्हा काट्याचं काय घेऊन बसलात.

दमसास: पळायलाच पाहिजे असं अजिबात नाही. डब्ल्यूएचओ आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा दमवणारा असेल तर ७५ ते १५०. तुमची १७५-२०० होतातच, फक्त ती मध्यम वेगाची आहेत की रमतगमत ते बघा. चालताना बोलता यायला हवं पण गाणं म्हणता यायला नको, गाता येत असेल तर वेग कमी पडतोय. व्यायामात नाडी जास्तीत जास्त किती जाऊ शकते त्याचं ते २२० वजा वय वगैरे गणित ढोबळ असतं, आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी गोळीनेच दबलेली असते त्यामुळे तो आकडा तर सोडूनच द्या. अजून एक, जोरात चालून एकदम थांबू नका, पायातलं रक्त पायातच रेंगाळतं आणि गरगरतं, शेवटची पाच मिनिटं सावकाश चाला.

कडू_गोळी: सगळे कौतुक करतायत म्हणून मी जरा उलटं बोलतो. मी पळायचो, त्या जोरावर वाटलं आता गोळी कशाला, परस्पर बंद केली. दोन महिन्यांनी बीपी बघून डॉक्टरांनी जे झापलंय! व्यायामाने वरचा आकडा ५ ते ८ ने उतरू शकतो, तेही बीपी वाढलेलं असेल तर. खूप आहे ते, पण १७० चे १२० होणार नाहीत. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पण नुसत्या चालण्याने फारसा हलत नाही. आणि चालताना छातीत दडपण आलं, ते हातात किंवा जबड्यात सरकलं तर ‘गॅस असेल’ म्हणत पुढे चालत बसू नका, थांबा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

बैठा_कारभार: सगळ्यांना धन्यवाद, गोळी अजून चालू नाहीये, चक्करही नाही. आज मुद्दाम गाऊन बघितलं, दोन कडवी आरामात झाली, तीही वरच्या पट्टीत 🙈 म्हणजे रमतगमतच चाललंय माझं. उद्यापासून मधेमधे दोन-दोन मिनिटं झपझप चालून बघतो. पँटीचं माप बायकोला सांगितलं तर म्हणाली तू ड्रायव्हरच.