मदत हवी आहे: हेलिओस ४४-२ लेन्सचा फोकस जुळत नाहीये
नमस्कार भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. बाबांच्या झेनिट कॅमेऱ्याची ५८ एमएमची लेन्स दोन पावसाळे लोखंडी पेटीत पडून राह्यली आणि आतल्या काचेवर बुरशी धरली, टॉर्च लावला की कापसाच्या तंतूसारखी बारीक जाळी दिसायची. हायड्रोजन पेरॉक्साइडनं हळूहळू पुसली, ती गेली. पण फोकसची रिंग जुन्या ग्रीसनं पार जाम होती म्हणून हेलिकॉइड (फोकससाठी लेन्स पुढं-मागं सरकवणारा आट्यांचा भाग) पण खोललं न तिथंच चुकलो, आटे नेमके कुठं सुटले त्याची खूण केलीच नाही.

आता तीनदा बसवून पाह्यलं, रिंग मस्त फिरते पण इन्फिनिटी (लांबच्या वस्तूंचा फोकस) लागतच नाही, धुऱ्यावरचं मोहाचं झाड धूसरच दिसते. आट्यांना सुरुवात बऱ्याच जागी असते, मग बरोबर जागा शोधायची कशी? सगळ्या एकेक करून पाहायच्या का?

आणि ग्रीस कोणतं लावू? सायकलचं नको वाटते, उन्हाळ्यात इथं ४५ डिग्री जाते, तेल सुटून ॲपर्चरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांवर येईल. नागपुरात काय मागायचं तेवढं सांगा. बाबांनी गावातली कितीतरी लग्नं याच लेन्सनं काढली, ती चालू करूनच त्यांच्या हातात द्यायची आहे.