शब्दचर्चा : ‘जनुकीय सुधारित’ बुरशी म्हणावं का? आणि ‘शीतप्रेमी’चं काय?

मूळ प्रश्न – अनुवादक, पुणे

एका विज्ञानलेखाचा अनुवाद करते आहे आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडले आहे. लेख थंडीत वाढणाऱ्या बुरश्यांच्या जनुकांत प्रयोगशाळेत केलेल्या बदलांविषयी आहे. त्यातली मुख्य बुरशी स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स. गुहेत शीतनिद्रा घेणाऱ्या वटवाघळांच्या नाकावर आणि पंखांवर ती पांढरी धरते. 2006 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत तिची पहिली नोंद झाली आणि तेव्हापासून उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं दगावली. 2015 साली संशोधकांनी तिच्या जनुकांत बदल करण्याची पद्धत बसवली.

माझं वाक्य असं उतरलं : ‘शीतप्रेमी कवकाचं जनुकीय सुधारित वाण तयार करण्यात आलं.’ व्याकरण ठीक आहे, पण वाचताना चांगल्या बियाण्याची जाहिरात वाटते. ‘कवक’, ‘शीतप्रेमी’ आणि ‘सुधारित’, तिन्ही शब्द खटकताहेत. काय करावं?

प्रतिसाद – सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी

ताई, ‘सुधारित’ आधी काढा. त्या प्रयोगात नेमकं काय झालं ते पाहिलं की कारण आपोआप कळेल.

ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू झाडांना गाठी आणतो, कारण तो आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्याची हीच खोड संशोधक वापरतात. गाठी आणणारा भाग काढून त्याजागी आपल्याला हवा तो तुकडा बसवायचा आणि जिवाणूला बुरशीच्या बीजाणूंबरोबर वाढवायचं. इथे निशाण्यावर होतं युरिएजचं जनुक. युरिएज युरियाचा अमोनिया करतं आणि त्यामुळे चाचणीसाठी बुरशी ज्यावर वाढवतात त्या माध्यमाचा रंग गुलाबी होतो. जनुक मोडलं की गुलाबी रंग येत नाही, म्हणजे काम झालं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. हे जनुक निवडलं ते याच सोयीसाठी.

यात सुधारलं काय? बुरशीचं एक जनुक मुद्दाम निकामी केलं, एवढंच. उद्या याच पद्धतीने रोग पसरवणारं जनुक कोणतं ते शोधता येईल, आणि तेव्हाही जनुक मोडूनच पाहतील. मराठीत ‘सुधारणे’ म्हणजे चांगलं होणं. मुलगा सुधारला, तब्येत सुधारली. मूळ इंग्रजी ‘मॉडिफाइड’ शब्दाचा अर्थ ‘बदललेलं’ इतकाच आहे; चांगलं की वाईट, ते त्यात नाही. ती पसंतीची पावती मराठीत आपण आपल्या मनाने जोडली. मी वर्गात ‘जनुक बदललेली बुरशी’ म्हणते. नेमकं सांगायचं तर ‘युरिएजचं जनुक निकामी केलेली बुरशी’. लांब आहे, पण खरं आहे.

प्रतिसाद – द्राक्षबागायतदार, निफाड

‘वाण’ पण काढा. वाण पिकाचं असतं. ‘सुधारित वाण’ हा आमचा जुना शब्द, संकर आणि निवड करून काढलेल्या बियाण्याचा. 2002 साली बीटी कापसाला मंजुरी मिळाल्यावर पेपरवाल्यांनी ‘जनुकीय सुधारित’ लिहायला सुरुवात केली आणि दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत गेल्या. बाजूने बोलणाऱ्याला तो शब्द सोयीचा पडतो, विरोधात बोलणारा ‘फेरफार’ म्हणतो, आणि त्यात सातबाऱ्याच्या फेरफारातल्या भानगडीचा वास येतो. वाचणाऱ्याने मत बनवायच्या आत शब्दच मत देऊन मोकळा होतो, हे बरं नाही.

आता ‘कवक’. बागेत हा शब्द कुणी बोलत नाही. पानावर पांढरी पावडर आली की भुरी, पानाखाली पांढरं लव आलं की केवडा, गव्हावर तांबेरा, ज्वारीवर काणी. सगळ्यांवर मारायचं ते बुरशीनाशक. तुमच्या वटवाघळाच्या नाकावरचं वर्णन वाचून मला आधी भुरीच दिसली.

प्रतिसाद – सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी

दादा, एक छोटी भर. केवड्याचा जीव बुरशीसारखा दिसतो, पण शास्त्र त्याला खऱ्या बुरशीत धरत नाही. ‘कवक’ शब्दाचा उपयोग तिथे होतो, कारण ‘बुरशी’त लोणच्यावरच्या थरापासून केवड्यापर्यंत सगळं मावतं. वर्गीकरणावर लिहिताना मी ‘कवक’ लिहीन. (शब्द जुना आहे. मनुस्मृतीच्या 5व्या अध्यायात लसूण-कांद्याच्या शेजारी ‘कवकानि’ अभक्ष्य म्हणून येतं. तिथे अर्थ अळिंबी.) पण ताईंचा लेख सर्वसाधारण वाचकासाठी असेल, तर ‘बुरशी’च. अनेकवचन ‘बुरश्या’ लिहायला संकोच नको.

प्रतिसाद – कापूस व्यापाराशी संबंधित, यवतमाळ

‘जनुक’ धरून ठेवा ही विनंती. काही जण आता ‘जीन’ लिहितात. आमच्याकडे जीन म्हणजे सरकी वेगळी करायचा कारखाना, आणि घोड्यावर कसायचं तेही जीनच. ‘कापसाच्या जीनमध्ये बदल’ असा मथळा आमच्या गावात वाचला तर लोक नवीन मशीन आलं का विचारतील.

प्रतिसाद – अनुवादक, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘सुधारित’ आणि ‘वाण’ दोन्ही गेले. ‘शीतप्रेमी’वर मात्र अजून अडले आहे. मूळ लेखातल्या ‘सायक्रोफाइल’ या ग्रीकवरून आलेल्या शब्दाचं शब्दशः रूप म्हणून ते बरोबर आहे, पण बुरशी थंडीवर प्रेम करते म्हणजे काय?

प्रतिसाद – सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी

या शब्दाला आकड्यांची व्याख्या आहे. 1975 साली रिचर्ड मोरिटा यांनी सुचवलेली मर्यादा अशी : उत्तम वाढ 15 अंश किंवा त्याखाली, 20 अंशांच्या आसपास वाढ बंद, आणि शून्यालाही वाढ होते, तो जीव शीतप्रेमी. थंडीत वाढतो पण उबेत अधिक खुलतो, तो शीतसह. फ्रीजमध्ये विसरलेल्या भाकरीवर येणारी बुरशी बहुधा या दुसऱ्या गटातली.

2015 च्या त्या प्रयोगात हा फरक स्वच्छ दिसतो. संशोधकांनी दोन सख्ख्या नात्यातल्या बुरश्या घेतल्या. वटवाघळांवरच्या बुरशीला जिवाणूबरोबर 15 ते 18 अंशांत 96 तास ठेवावं लागलं. तिची बहीण स्यूडोजिम्नोॲस्कस पॅनोरम, जी मातीत राहते, तिला 25 अंश आणि 72 तास पुरले. 1 कोटी बीजाणूंमागे पहिलीचे 680 बदललेले जीव हाती लागले, दुसरीचे 1800. थंडीतल्या जिवावर काम करायचं तर सगळं संथ चालतं आणि हाती कमी लागतं. नेहमीचं 28 अंशांचं इन्क्युबेटर पहिलीच्या उपयोगाचंच नाही.

प्रतिसाद – द्राक्षबागायतदार, निफाड

मग मराठीत शब्द आहेत की! ‘सोसणे’, ‘मानवणे’ आणि ‘लागणे’. आमच्या निफाडला पारा उतरला की वेलीला थंडी मानवत नाही, मणी तडकतात. गहू मात्र खूश, त्याला थंडी लागतेच. तुमच्या पॅनोरमला थंडी सोसते, वटवाघळावरच्या बुरशीला थंडीच लागते. आणि दोघींना मिळून बोलायचं असेल तर ‘थंडी मानवलेल्या बुरश्या’.

प्रतिसाद – सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी

‘थंडी मानवलेली’! इतकी वर्षं ‘शीतानुकूलित’ फळ्यावर लिहिते आहे, हे सुचलं नाही. पुढच्या तासाला हेच लिहीन.

एक धोका मात्र सांगते. ‘थंड प्रदेशातल्या बुरशीचा जनुकीय बदल’ असं लिहू नका, कारण बदल नक्की कुणात झाला ते त्यातून कळत नाही. उदाहरण घ्या : अंटार्क्टिकातल्या वांडा सरोवराच्या गाळातून एक यीस्ट मिळालं, कँडिडा अंटार्क्टिका या नावाने ओळखलं जाणारं. (ते काणीच्या कुळातलं आहे, दादा.) त्याचं लायपेज हे विकर (एन्झाइम) उद्योगात खूप वापरतात. ते बनवताना यीस्टचं जनुक काढून जपानी कोजीच्या बुरशीत, ॲस्परजिलस ओरायझीत घालतात. म्हणजे बदललेली बुरशी कोजीची, अंटार्क्टिकाची नव्हे. शिवाय ते विकर चांगल्या 60 अंशांतही टिकतं, त्यामुळे त्याला ‘शीत’ विशेषण लावलं तर तीही चूक होईल. षष्ठीचा ‘चा’ इथे फसवतो. ‘बुरशीत’ बदल की ‘बुरशीतून’ घेतलेलं जनुक, ते विभक्तीने स्पष्ट करा.

प्रतिसाद – अनुवादक, पुणे

विभक्तीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. लेखात दोन ठिकाणी ‘चा’च होता, दोन्ही बदलले. अडलेलं वाक्य आता असं पाठवते आहे :

‘थंडीच लागणाऱ्या या बुरशीत, ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूच्या मदतीने, युरिएजचं जनुक निकामी करण्यात आलं.’